राखीव पिंप

आमच्या सासूबाईंचा जीव सोन्यात नव्हता की नाण्यात नव्हता, तो एका निळ्या पिंपात होता. स्वयंपाकघर आणि माझी शिवणाची खोली यांच्या मधल्या बोळकंडीत ते पिंप उभं असायचं, माझ्या छातीला लागेल एवढं. येणाऱ्याजाणाऱ्याला अंग चोरून त्याच्यापुढून सरकावं लागायचं. त्यातलं पाणी वापरायची कुणाला परवानगी नव्हती. ते राखीव होतं.

नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तेही त्याची मर्जी असली तर. आलं की सासूबाईंचा नियम ठरलेला: आधी राखीव पिंप काठोकाठ करायचं, मग वापरायच्या बादल्या. आता मुळात भरलेलंच पिंप ते. त्यात कमी झालेलं असायचं दोन बोटं, तेवढंच वरून ओतायचं. वर ताजं, खाली कधीचं ते देव जाणे. "मी लग्न होऊन आले तेव्हाचं पाणी अजून तळाशी असेल," असं मी एकदा गमतीत म्हणाले, तर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मला तर सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं.

पिंपाच्या तोंडाला जुन्या चादरीचं फडकं सुतळीने बांधलेलं होतं. पाणी त्यातून गाळून आत जायचं. फडकं मधोमध लोंबून पाण्याला टेकलेलं, बारा महिने ओलं, आणि एका बाजूने सैल, कारण कधी जग बुडवायचाच झाला तर हात तिथून घालायचा. मी पडले शिवणारी बाई. ते सैल टोक दिसलं की माझे हात शिवशिवायचे. पण म्हटलं मरू दे, कशाला विंचवाच्या बिळात हात घाला!

मग बारकी राहायला आली आणि माझं 'मरू दे' संपलं.

बारकी म्हणजे माझी नणंद. घरातलं शेंडेफळ म्हणून बारकी. सातवा महिना लागून चांगली गरगरीत झाली होती, तरी बारकीच. तिचा नवरा जहाजावर कामाला, वर्षातून एकदा तोंड दाखवणारा, म्हणून मूल होईपर्यंत ती आमच्याकडे. गेल्या वर्षी तिला डेंग्यू झाला होता. अंगावरून ट्रक गेल्यासारखं दुखतंय म्हणून रडायची, आणि त्यातून उठली तेव्हा तिचे सगळे कपडे मला दोन्ही बाजूंनी आत घ्यावे लागले होते. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, की हिला पुन्हा होऊ देऊ नका, दुसऱ्या खेपेचा डेंग्यू कधी कधी पहिल्यापेक्षा वाईट वळण घेतो. आणि आता तर एकाचे दोन जीव झाले होते.

दिवसभर ती माझ्या मशीनशेजारी बसून बटणं लावायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. मला दोन सख्ख्या बहिणी आहेत, त्यांच्याशी माझं वर्षभर फोनवर भांडण चालतं. पण बारकीशी कधी वाजलं नाही. माझा जीव होता तिच्यावर, सरळ सांगून टाकते.

आणि एका सकाळी आमच्या इमारतीतलं तळमजल्यावरचं सलून उघडलं नाही. सलूनवाला तापाने फणफणला होता. डेंग्यू निघाला, त्याला इस्पितळात नेलं. लगेच आरोग्य खात्याची एक बाई घरोघर फिरायला लागली. हातात टॉर्च, पायात बूट, कुणी चहा विचारला तर नाही म्हणणारी. सगळे तिला टॉर्चवाली म्हणायला लागले. ती आमच्याकडे आली, बोळकंडीत शिरली, फडक्याचं सैल टोक दोन बोटांनी उचललं आणि आत टॉर्च मारला.

मीही वाकून बघितलं. पाण्यात बारीक बारीक काहीतरी वळवळत होतं, ओढल्यावर पीळ पडलेल्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखं.

"अळ्या आहेत," टॉर्चवाली म्हणाली.

"अळ्या कसल्या!" सासूबाई स्वयंपाकघरातून हातातलं उलथनं घेऊनच आल्या. "जिवंत पाण्यात असतात तसे जीव. घाण पाण्यात काही जगतं का? पाणी चांगलं आहे याची खूण आहे ती."

"मावशी, या डासाला चांगलंच पाणी लागतं. गटाराकडे तो ढुंकून बघत नाही. तुमच्या घरातलं पिंप, कुंडीखालची थाळी, फ्रिजच्या मागचा ट्रे, असली ठिकाणं त्याला आवडतात. आणि चावतो दिवसा. खालच्या आजारी माणसाला चावलेला डास थोड्या दिवसांनी वरच्याला चावला की झालं." बोलता बोलता तिचं लक्ष बारकीच्या पोटाकडे गेलं. "हिला आधी झालाय का कधी?"

"गेल्या वर्षी," मी म्हणाले.

टॉर्चवालीने टॉर्च बंद केला. "मग हे आजच ओता. नुसतं ओतून भागायचं नाही, आतल्या कडा ब्रशने घासा. अंडी कडेला चिकटून बसतात, सुकली तरी मरत नाहीत, पाणी लागलं की पुन्हा सुरू. ओतायचं नसेल तर निदान हे औषध टाकू द्या."

"माझ्या पाण्यात औषध?" सासूबाई पिंपाला पाठ लावून उभ्या राहिल्या, उलथनं समोर धरून. "आधी मला ढकला."

टॉर्चवालीला अजून अख्खी इमारत बघायची होती. डासाचं चित्र असलेला एक कागद माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, "तुम्ही समजवा यांना," आणि निघून गेली. वा! म्हणजे वाघाला दात घासायला लावायचं काम माझ्याकडे.

दार लागलं आणि माझा पारा चढला. "आई, तुम्हाला काही कळतंय का? तिथे तुमची पोटची पोर बसलीय. त्या पाण्याला हात लावायचा नाही, प्यायचं नाही, वापरायचं नाही, मग ठेवायचं तरी कशाला? कुणासाठी?"

"तिच्यासाठीच!" सासूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की बारकीच्या हातातली सुई पडली. "तिच्यासाठीच ठेवलंय ते, समजलं? तू तेव्हा या घरात नव्हतीस. ही एवढीशी होती, नुकती चालायला लागलेली. ताप असा, की डोळे फिरवायला लागली. आणि नळाला पाणी नाही. घरात घोटभर नाही. कपाळावर घडी ठेवायची तर फडकं कशात बुडवू? बादली घेऊन दारोदार फिरले मी. कुणी दार उघडलं नाही. एकांनी उघडलं, तर आतलं भरलेलं पिंप मला दिसत होतं, समोर! मी म्हटलं, मुलीला ताप आहे, कपाळावर घड्या ठेवायला पाणी द्या. म्हणाले, आमचंच आम्हाला पुरत नाही. दार लावून घेतलं. शेवटी खालच्या दुकानातून सोड्याच्या बाटल्या आणल्या आणि त्या ओतल्या हिच्या डोक्यावर. केस चिकट झाले होते पोरीचे."

बारकीला हे माहीतच नव्हतं. ती आईकडे बघतच राहिली.

"त्या दिवशी ठरवलं," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पुन्हा कुणाच्या दारात बादली घेऊन उभी राहणार नाही. मेले तरी नाही."

मी पडलेली सुई उचलून बारकीच्या हातात दिली. आमचे हे संध्याकाळी बस डेपोत लावून घरी आले. त्यांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा." बस चालवताना शंभर माणसांना वेळेवर पोहोचवतात, पण घरात आई आणि बायकोच्या मध्ये गाडी घालायची म्हटलं की ब्रेक लागतो.

पण मी गप्प बसले म्हणजे हटले असं नाही. हातात टेप घेतली आणि दुसऱ्या सकाळी पिंपाचं माप घ्यायला लागले.

"हे काय चाललंय?" सासूबाई.

"टोपी शिवतेय याला. पाणी हलवत नाही तुमचं. झाकायला तरी हरकत नाही ना?"

त्यांनी पिंपाकडे, मग माझ्याकडे बघितलं. "झाकायला नाही. पण पाण्याला हात नाही लावायचा."

मच्छरदाणीचं दाट कापड होतं माझ्याकडे. गोल कापलं, कडेला नेफा घातला, नेफ्यात घट्ट इलास्टिक ओवलं, दुहेरी शिवण मारली. ओलं फडकं काढून फेकलं आणि पिंपाला टोपी चढवली. कडेला करंगळी शिरत नव्हती. बारकी म्हणाली, "वहिनी, माझ्या लग्नातला ब्लाउजसुद्धा इतका बेतशीर बसला नव्हता गं." तिच्यासाठी लांब बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे ढगळ कपडे शिवले, पायात मोजे घालायला लावले, दुपारची झोप मच्छरदाणीत. ती कुरकुरली, "उकडतंय." मी म्हणाले, "उकड. मूल झालं की बर्फावर बस."

मग मी इमारतीतल्या बाकीच्या घरांकडे वळले. आपल्या घरात डास नको तर शेजारचं घर आधी बघावं लागतं, कारण डास काही घराचा नंबर बघून शिरत नाही. गच्चीवर कुणाचं तरी टाकलेलं टायर होतं, त्यात तळं. एकीच्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये असलं पाणी, की ती स्वतःच किंचाळली. वरच्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर, मास्तर राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, एकटे, खिडकीत काचेच्या बाटल्यांची रांग आणि प्रत्येक बाटलीत एक वेल. बाटल्यांमधलं पाणी ते कधीच बदलत नसत, मुळं दुखावतात म्हणे.

"मास्तर, यात अळ्या आहेत," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा वर सारून बाटली उजेडात धरली. "आहेत खऱ्या." जरा ओशाळले. "हयातभर पोरांना फळ्यावर डासाचं चित्र काढून दाखवलं मी. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

"कोरडे असता तर बरंच होतं की," मी म्हणाले, "तुम्ही तर ओले आहात." ते हसले आणि बाटल्या मातीच्या कुंड्यांत रिकाम्या करायला लागले.

अडलं ते पिंपांपाशी. प्रत्येक घरात एक होतंच, निळं नाहीतर काळं, आणि प्रत्येक घरात तेच: आधी भरलेलं भरायचं. टोप्या सगळ्यांनी हौसेने शिवून घेतल्या. पण पाणी यायच्या आदल्या दिवशी पिंप वापरून संपवा, घासा, उन्हात पालथं घाला, असं म्हटलं की सगळ्यांचं एकच उत्तर: "आणि पाणी आलं नाही तर?" लोक म्हणतात ना, पालथ्या घड्यावर पाणी, तशी गत. गंमत अशी, की मला घडे पालथेच हवे होते.

त्यांचं चूक होतं असंही नाही. नळाचा भरवसा नसेल तर माणूस साठवणारच. मी मशीन चालवता चालवता यावरच विचार करत राहिले आणि मग मला सुचलं: सगळ्यांनी एकदम रिकामं करायचंच कशाला? या खेपेला आमचा मजला, पुढच्या खेपेला वरचा, त्यानंतर तळमजला. ज्यांचं पिंप उन्हात असेल त्यांना पाणी लागलंच तर ज्यांचं भरलेलं आहे त्यांनी द्यायचं. मी जिन्यात उभी राहून सगळ्यांना सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या. मास्तर म्हणाले, "पद्धतशीर आहे." मी उड्या मारत घरी आले.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मागायचं."

"मागायचं नाही, आई. आपली पाळी असेल तेव्हा आपण द्यायचं, त्यांची असेल तेव्हा—"

"म्हणजे मागायचंच," त्या म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या. सुरीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. बाकीची इमारत कामाला लागली, आणि जिने ही कल्पना काढली तिच्याच घरातलं पिंप काठोकाठ भरलेलं. लोकांना तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती मला.

मग ती दुपार आली.

बारकी बोळकंडीतून माझ्या खोलीकडे येत होती. पाणी आलं नव्हतं, बादल्या संपल्या होत्या, म्हणून सासूबाईंनी अगदी नाइलाजाने पिंपातून एक जग घ्यायचं ठरवलं होतं. मी कातरी ठेवून सहज तिकडे बघितलं. सासूबाईंचा हात टोपीच्या इलास्टिकखाली जाणार होता. आणि टोपीच्या आतल्या बाजूने, जाळीला चिकटून, काळे ठिपके बसले होते.

"आई, हात काढा!"

मी कधी त्यांच्यावर तशी ओरडले नव्हते. त्या दचकून मागे झाल्या. मी बारकीचा दंड धरून तिला माझ्या खोलीत ढकललं आणि दार बाहेरून ओढून घेतलं. मग आम्ही दोघी वाकलो. डास. उडायला आतुर झालेले, जाळीच्या आत अडकलेले. खिडकीचा उजेड त्यांच्यावर पडत होता आणि पायांवरचे पांढरे पट्टे अगदी स्वच्छ दिसत होते. टॉर्चवालीने दिलेल्या कागदावर होते तसेच.

"हे आत कुठून गेले?" सासूबाई म्हणाल्या. "तुझी टोपी तर घट्ट आहे."

"आत गेले नाहीत, आई. आतच झाले."

त्या बघत राहिल्या. एक डास जाळीवरून चालत त्यांच्या बोटाजवळ आला. बोट आणि डास यांच्यामध्ये फक्त कापड होतं.

"इतके दिवस हे सगळे बाहेर यायचे?" त्यांनी विचारलं.

मी नुसती मान डोलावली. पलीकडे दाराआडून बारकी ओरडत होती, "काय झालं? मला सांगा ना कुणीतरी!"

सासूबाईंनी हात वर केला आणि सपाट तळव्याने जाळीवर थाडकन मारलं. पिंप हिंदकळलं. पुन्हा मारलं. जाळीतून पाणी त्यांच्या चेहऱ्यावर उडत होतं, केस ओले झाले, पण एकही ठिपका हलेनासा होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. मग टोपी त्यांनीच ओढून काढली. "धर त्या बाजूने," मला म्हणाल्या. "तिच्यासाठी ठेवलं होतं मी हे. आणि काय पाळत होते बघ."

त्या रडत होत्या. मीही रडत होते, आणि दोघी मिळून ते धूड ढकलत होतो. त्या पाण्याने आम्ही मोरी धुतली, मग खालपर्यंत सगळा जिना धुऊन काढला. तळाशी बोटभर गाळ होता. सासूबाईंनी पिंप आडवं पाडलं, स्वतः कमरेपर्यंत आत शिरल्या आणि ब्रशने कडा घासायला लागल्या. आतून त्यांचा आवाज घुमत होता. त्या डासांना, नळाला आणि कुणाकुणाला शिव्या देत होत्या. मी ऐकल्या नाहीत असं दाखवलं. बारकीने दार किलकिलं करून बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, आई पिंपात काय करतेय?"

"घर बदलतेय," मी म्हणाले.

संध्याकाळी पिंप गच्चीवर उतरत्या उन्हात पालथं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी पाणी यायचं होतं.

आलं नाही.

सकाळी नळ फक्त खोकला. मोठी जलवाहिनी फुटली म्हणे, कधी दुरुस्त होईल सांगता येत नाही. प्यायचं झाकलेलं पातेलं तेवढं होतं. मी म्हटलं, निभावून नेऊ. आणि तेवढ्यात बारकी अंथरुणातून म्हणाली, "वहिनी, मला थंडी वाजतेय."

तिच्या कपाळावर हात ठेवला. चटका बसत होता.

रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घसा बघितला, रक्त घेतलं, म्हणाले, "निकाल संध्याकाळी. तोवर ही गोळी, भरपूर पाणी पाजा, आणि अंग ओल्या फडक्याने पुसत राहा. ताप चढू देऊ नका. पोटातल्या बाळालाही सोसत नाही."

घरी आलो. प्यायच्या पातेल्यातलं अर्धं पाणी बारकीला पाजण्यात गेलं, उरलेलं तिच्यासाठीच ठेवलं. अंग पुसायला काय? मी बादली उचलली आणि दाराकडे निघाले. सासूबाई आडव्या आल्या.

"मी जाते वर," मी म्हणाले. "तुम्ही तिच्याजवळ बसा. तुम्हाला कुणी मागायला सांगत नाहीये."

त्यांनी माझ्या हातातून बादली घेतली. चपलासुद्धा न घालता जिना चढायला लागल्या, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी दारातच थांबले. तिथून मला आत बारकी दिसत होती, आणि आमच्या जिन्यात वरचं सगळं बोलणं खाली ऐकू येतं.

वर कडी वाजली. दार उघडलं.

"मुलीला ताप आहे," सासूबाई म्हणाल्या. "कपाळावर घड्या ठेवायला पाणी द्या."

मला वाटलं, मास्तर आत गेले. मग त्यांचा आवाज आला, अगदी बारीक. "तुम्ही मागेही एकदा आला होतात."

"आले होते."

"याच दारात. तेव्हाही मुलीला ताप होता."

"हीच ती मुलगी."

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या मास्तरांच्या खालच्याच मजल्यावर राहत होत्या, जिन्यात भेटले की मान हलवून पुढे जात होत्या, आणि एका शब्दाने कधी बोलल्या नव्हत्या.

"तेव्हा आमचं पिंप भरलेलं होतं," मास्तर म्हणाले.

"बघितलं होतं मी."

"मला ठाऊक आहे तुम्ही बघितलं होतं." त्यांचा आवाज फाटला. "द्या. बादली द्या इकडे."

पाणी पडल्याचा आवाज आला. मास्तर स्वतः काठोकाठ भरलेली बादली घेऊन खाली आले, धापा टाकत, चेहरा पांढराफटक पडलेला. सासूबाई त्यांच्या मागून सांगत होत्या, "मास्तर, सावकाश, अर्धं जिन्याला पाजाल." ते बादली आमच्या दारात ठेवून पुन्हा वर गेले आणि दुसरी घेऊन आले. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात हलवून मला गप्प केलं आणि आत बारकीकडे एकदा बघून निघून गेले.

सासूबाई पोरीच्या उशाशी बसल्या. परातीत पाणी ओतून त्यांनी फडकं बुडवलं, पिळलं, कपाळावर ठेवलं. गरम झालं की पुन्हा बुडवलं. हात, पाय, मान. दुपारभर त्या जागच्या हलल्या नाहीत. मी मशीनवर बसले, पण एक शिवण सरळ जाईल तर शपथ. प्रत्येक वेळी बारकी कण्हली की माझं मन गेल्या वर्षात जायचं.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर म्हणाले, डेंग्यू नाही, घसा सुजलाय, त्याचा ताप आहे. दोन दिवसांत उतरला नाही तर पुन्हा तपासू, पण आत्ता तरी काळजी नको. मी फोन ठेवला आणि बारकीच्या अंगाला हात लावून बघितला. बारकी घामाने भिजली होती, अंग थंड लागत होतं. डोळे उघडून म्हणाली, "आई, माझे केस चिकट झालेत का गं?"

"या वेळेला नाहीत," सासूबाई म्हणाल्या, आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

मास्तरांची दुसरी बादली मी टोपी घालून ठेवली. राहिलं परातीतलं पाणी, फडकं बुडवून गढूळ झालेलं. बाहेर नळ अजून कोरडाच होता. सबंध दिवस घाबरून काढलेला, त्यामुळे मी म्हणाले, "आई, ते राहू दे परातीत. सकाळी पाणी आलं नाही तर संडासात टाकायला तरी होईल."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी घरात साप पाळायचं म्हणतेय. परात उचलली, पाणी तडक संडासात ओतलं, परात कोरडी पुसली आणि ओट्यावर पालथी घातली.

"लागलं तर वर जाऊन मागेन की," त्या म्हणाल्या. "तोंड दिलंय मला देवाने."